कलापथक फोंड्यात आलं होतं का? एका पोस्टर प्रदर्शनातली चौथ्या फलकाची ओळ

गेल्या वर्षी जत्रेच्या दिवसांत मी फोंडाघाटात बारा फलकांचं एक छोटं प्रदर्शन लावलं होतं. विषय होता लाल बावटा कलापथक. त्यातल्या चौथ्या फलकावरची एक ओळ मी सात वेळा बदलली, आणि त्या ओळीपायी घरात आजोबांनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला. 'संशोधनाचं पोस्टर कसं करायचं?' असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. टेम्प्लेट इंटरनेटवर शेकड्यांनी मिळतील, त्याबद्दल मी फार बोलणार नाही. मला ती ओळ सांगायची आहे, कारण सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्याही वाट्याला अशी एखादी ओळ येणार आहे.

आधी विषय थोडक्यात. लाल बावटा कलापथक १९४४ साली मुंबईत उभं राहिलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही त्यामागची तीन माणसं. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. वर्षभर आधी, मे १९४३ मध्ये, मुंबईतच 'इप्टा' स्थापन झाली होती. बंगालमध्ये दुष्काळ होता, महायुद्ध चालू होतं, आणि कम्युनिस्ट चळवळीतल्या कलावंतांना गाणं-नाटक घेऊन लोकांत जायचं होतं. कलापथक चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात, मैदानात उभं राहायचं. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि खुला आवाज. नेपथ्य जवळजवळ नाहीच.

आज आपण याला सहज 'पथनाट्य' म्हणून मोकळे होतो. माझ्याही पहिल्या मसुद्याचा मथळा 'मराठी पथनाट्याची सुरुवात' असाच होता. गाईडनी त्यावर लाल पेनने एवढंच लिहिलं: 'हा शब्द त्यांचा की तुमचा?' प्रश्न रास्त होता. ती मंडळी स्वतःला शाहीर म्हणवत, आपल्या गटाला कलापथक म्हणत, आणि जे करत त्याला पोवाडा, वग, तमाशा म्हणत. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे त्यांच्या आधी गावोगाव फिरलेले होते. खेर मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली तेव्हा अण्णा भाऊंनी त्याच ऐवजाला 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली, असं त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण सांगतात. म्हणजे नाव बदलणं हा त्या इतिहासाचाच एक भाग आहे. आपण वरून एकच आधुनिक नाव चिकटवलं तर तो भागच पुसला जातो. शेवटी मथळा 'लाल बावटा कलापथक' एवढाच ठेवला. रुक्ष वाटला तरी चालेल.

आता तुम्ही विचाराल, मुंबईच्या कलापथकाचं प्रदर्शन फोंडाघाटात कशाला? गावात एकाने अगदी हाच प्रश्न विचारला, तोही जरा तिरकसपणे.

उत्तर गिरणीत आहे. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजचा सिंधुदुर्ग, सावंतवाडी संस्थानाचा मुलूख सोडला तर, तेव्हा रत्नागिरीतच होता. वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. पुढच्या दशकांत हे प्रमाण उतरलं, पण लालबाग-परळच्या खोल्यांमधली कोकणी वस्ती उतरली नाही. गावकऱ्यांची एक खोली, तिच्यात पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, खानावळवाली बाई, आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. कलापथक ज्यांच्यासमोर गात होतं ते लोक हे. कलावंत देशावरचे असतील, पण समोर मांडी घालून बसलेला माणूस निम्म्या वेळा आपल्या घाटाखालचा होता. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आठवा. मुंबईत आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिला मुंबईसाठी, बेळगाव-कारवारसाठी रूपकाचा अर्थ चढला, पण फोंड्यात तिला रूपक म्हणण्याआधी लोक आपापल्या घरातली माणसं मोजतील.

म्हणून मला प्रदर्शनात कलापथकाइतकाच प्रेक्षक दाखवायचा होता. अडचण तिथेच सुरू झाली. प्रेक्षक कागदावर सही करून जात नाही.

माझा पहिला मसुदा मी तुम्हाला दाखवायला हवा, इतका तो वाईट होता. वर तिन्ही शाहिरांचे मोठे फोटो, खाली जन्म-मृत्यू, मग गाजलेल्या कृतींची यादी. छापखान्यातल्या मुलाने स्क्रीनकडे बघून विचारलं, 'ताई, जयंती कधी आहे?' त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे नाक्यावरच्या फ्लेक्सचं एक व्याकरण ठरलेलं आहे. मोठा चेहरा म्हणजे शुभेच्छा किंवा श्रद्धांजली, आणि दोन्ही आपण न वाचता पुढे जातो. मोठ्या फोटोने तुमचा फलक वाचलाच जाणार नाही अशी सोय तुम्ही स्वतः करता. शिवाय इंटरनेटवर फिरणारे अण्णा भाऊंचे बरेचसे फोटो रंगवलेले, मागची भिंत पुसलेले असतात. मूळ फोटो कोणी, कुठे, कधी काढला हे सांगता येत नसेल तर तो पुरावा म्हणून लावू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तीन फोटो शेजारी ठेवले की साठे आणि शेख ओळखीचे वाटतात आणि गवाणकर 'तिसरे' होतात. इतिहासात कोण तिसरा राहतो हे पुष्कळदा कोणाचा फोटो सहज मिळतो यावरच ठरतं.

दुसऱ्या मसुद्यात मी फोटो सोडले आणि प्रयोगाकडे वळले. फोंड्यातल्या माणसाला दशावतार सांगावा लागत नाही. देवळापुढची जागा, एक बाकडं, मागे पडदा, हार्मोनियम-मृदंग-झांज, सुरुवातीला गणपती, मग संकासुर, आणि मग आख्यान पहाटेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. हे डोक्यात असलेल्या माणसाला मी विचारलं की तमाशातला गण आणि गवळण काढली तर काय उरेल? अण्णा भाऊंनी तेच केलं होतं. गणेशाच्या जागी मायभूमीला आणि लढणाऱ्यांना वंदन, गवळण वगळलेली, आणि वग थेट आजच्या विषयावर: सावकार, निवडणूक, काळाबाजार. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचं इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा' ही नावंच बघा. तिसऱ्या फलकावर मी दशावताराचा क्रम आणि कलापथकाचा क्रम शेजारी शेजारी लावला. एकही चेहरा नाही, तरी सगळ्यात जास्त लोक तिथे थांबले.

यातून संशोधनाचा एक मोठा प्रश्न समोर येतो. जो प्रयोग समोरच्या माणसांप्रमाणे रोज बदलत होता, त्याचा कागद कुठून आणायचा? छापलेल्या संहिता आहेत; अण्णा भाऊंचं निवडक वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेलं आहे. पण ती छापील संहिता, त्या संध्याकाळचा प्रयोग नव्हे. चळवळीची साप्ताहिकं आहेत. त्यांत दौऱ्यांच्या बातम्या येत, पण गर्दी नेहमी प्रचंड आणि उत्साह नेहमी अमाप. आणि पोलीस आहेत. मुंबई सरकारच्या गुप्त वार्ता विभागाचे साप्ताहिक सारांश होते, १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा हाताशी होता, आणि सभेत टिपणं घेणारा साध्या वेशातला माणूस असायचा. गंमत अशी की कोणी काय म्हटलं याची काळजीपूर्वक नोंद ठेवण्याची गरज शाहिराला नव्हती, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याला होती. हे कागद वापरताना एकच पथ्य पाळा: फलकावर मजकुरासोबत लिहा की ही नोंद पोलिसाची आहे. त्याच्या लेखी टाळ्या म्हणजे चिथावणी होती.

तोंडी साधनांसाठी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) वाचाच. गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती कशा मांडायच्या याचा तो वस्तुपाठ आहे. मला वाटलं, आपल्या घरातच एक गिरणी कामगार आहे, मग मुलाखत तिथूनच सुरू करू.

आजोबांचा जन्म १९३८ चा. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले, साचेखात्यात लागले, आणि १९८२ चा संप फुटल्यावर गावी परत आले ते कायमचे. मी अमर शेख यांचं नाव काढताच ते उठून बसले. 'अमर शेख? आमच्या फोंड्याच्या बाजारात गायलो गो तो! मियां सोताच्या डोळ्यांनी बघलंय.'

माझ्या मनात काय झालं ते सांगते. चौथा फलक तयार झाला! 'संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कलापथक फोंडाघाटात आलं होतं.' गावच्या प्रदर्शनात याहून चांगली ओळ कोणती? ज्याने 'कशाला?' विचारलं होतं त्यालाही उत्तर मिळत होतं. मी ती ओळ टाईपसुद्धा केली.

मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. पेट्रोमॅक्स, डफ, मागे उभी राहिलेली माणसं, आणि एक वाक्य: 'गर्दी इतकी की ट्राम उभी रवली. डायवर पण खाली उतरलो ऐकूक.'

फोंड्यात ट्राम कधी नव्हती. बोरीबंदरहून भायखळा, लालबाग, परळ करत दादरला जाणारी ट्राम मुंबईत होती; शेवटची धावली ३१ मार्च १९६४ ला. आजोबांनी पाहिलेला कार्यक्रम अगदी खरा होता, फक्त तो बाजार फोंड्याचा नव्हता. मी चाळलेल्या कागदांत फोंडाघाटचं नाव कुठे आलं नाही, पण त्यावर मी विसंबले नसते, कारण कागदात नाही म्हणजे घडलं नाही असं होत नाही. गावातल्या आणखी दोघा वयस्कर माणसांना विचारलं. एकाला कणकवलीत कोणी शाहीर येऊन गेल्याचं आठवत होतं, कोण ते नाही. दुसरा म्हणाला, 'तुझ्या आजोबांनीच सांगितलेला माका.' म्हणजे तीन साक्षीदार वाटले तो प्रत्यक्षात एकच होता. हे तुमच्या फील्डवर्कमध्ये हमखास होणार. प्रत्येकाला 'हे तुम्हाला कोणाकडून कळलं?' असं विचारायची सवय आत्ताच लावून घ्या.

मी आजोबांना ट्रामचं सांगितलं. जरा शहाणपणाच्या सुरातच सांगितलं असणार. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'मगे मियां खोटा बोललंय?' आणि अबोला सुरू झाला.

त्या चार दिवसांत मी आलेस्सांद्रो पोर्तेली पुन्हा वाचला. इटलीतल्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एकवीस वर्षांचा पोलाद कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. तारीख १७ मार्च १९४९, निमित्त नाटो करारविरोधी मोर्चा. पण पोर्तेलीला गावातले कितीतरी कामगार सांगत होते की तो १९५३ मध्ये, कामगार कपातीविरुद्धच्या लढ्यात गेला. पोर्तेलीने त्यांना खोटं पाडलं नाही. ही तारीख सगळ्यांच्या मनात एकाच दिशेने का सरकली, असा प्रश्न त्याने विचारला. कपातीविरुद्धची हार त्यांच्या आयुष्यातली खरी मोठी जखम होती, आणि तो मृत्यू तिथे ठेवल्याशिवाय त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता.

मग आजोबांच्या आठवणीतली ट्राम सरकत सरकत फोंड्याच्या बाजारात का आली? मला जे वाटतं ते असं. त्यांच्यासाठी 'आपला बाजार' म्हणजे जिथे आपली माणसं जमतात ती जागा. परळच्या त्या रस्त्यावर त्यांच्या खोलीतले सगळे गाववाले होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, नुकते गावातून आलेले. पुढे संपात नोकरी गेली, मुंबई सुटली आणि राहिला तो फोंड्याचा बाजार. हा माझा अर्थ आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, म्हणून मी तो फलकावर लिहिला नाही. ब्लॉगवर लिहिते आहे, इथे चालतं.

फलकावर शेवटी हे छापलं: 'फोंडाघाटचे एक निवृत्त गिरणी कामगार सांगतात की त्यांनी अमर शेख यांना गावच्या बाजारात ऐकलं. त्यांच्या आठवणीत तिथे ट्राम थांबलेली आहे. ट्राम मुंबईत होती.' एवढंच. खाली त्यांचं मूळ मालवणी वाक्य, मोठ्या अक्षरात. आधीच्या सहा मसुद्यांत मी कधी त्यांना दुरुस्त करत होते, कधी त्यांची बाजू सावरत होते. पाचव्या मसुद्यात तर 'स्मृतीचं राजकारण' असाही शब्द होता. तो काढला हे बरं झालं.

तुम्ही म्हणाल, एका ओळीसाठी एवढं? प्रबंधात तुम्हाला तळटीप देता येते, पुढच्या प्रकरणात मागे वळून खुलासा करता येतो. फलक एकटा उभा असतो. सफदर हाश्मींच्या हत्येनंतर दिल्लीत स्थापन झालेल्या 'सहमत'ने १९९३ मध्ये 'हम सब अयोध्या' हे प्रदर्शन केलं. त्यात रामकथेच्या अनेक परंपरा होत्या. एका ठिकाणी बौद्ध दशरथ जातकाचा उल्लेख होता, ज्यात राम आणि सीता भावंडं आहेत. मजकूर त्या परंपरेला धरून होता. तरी फैजाबादला फलक फाडले गेले, संसदेत गदारोळ झाला, प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात राहिलं. अचूक लिहिल्याने वाद टळतोच असं नाही. पण वाद झाल्यावर तुमच्या हातात तेवढंच असतं.

आकड्यांचंही तेच. संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे किती? छापील मजकुरात १०५, १०६ आणि १०७ असे तिन्ही आकडे भेटतात. कोणता आकडा कोणत्या यादीतून आला हे लिहा, नाहीतर आकडा टाकूच नका. मी टाकला नाही.

आता थोडं व्यवहाराचं, कारण यातलं बरंच मी पैसे घालवून शिकले. फलक ए-वन आकाराचे, सनबोर्डवर. एका फलकावर शंभर ते सव्वाशे शब्द. त्यापुढे माणूस वाचत नाही, फोटो काढतो आणि घरी जाऊनही वाचत नाही. मजकूर वाचायला दोन हातांवर उभं राहून बघा, संगणकावर बघून ठरवू नका. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असणार आणि छापखान्यात बहुधा श्रीलिपी. कॉपी-पेस्ट केलं की रफार उडतो आणि जोडाक्षरं फुटतात. माझ्या पहिल्या प्रतीत 'पार्श्वभूमी'चं जे काय झालं ते इथे लिहवत नाही. पीडीएफ करून द्या आणि छापण्याआधी स्वतः बसून प्रत्येक ओळ तपासा. गाणी छापायचा मोह आवरा. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ मध्ये गेले. कॉपीराइट मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. आख्खं गाणं लावायचं तर परवानगी लागेल. मी गाण्यांची फक्त नावं दिली, आणि लोकांनी ती फलकासमोर उभं राहून आपापल्या चालीत म्हटली. ते मला आधी सुचलंही नव्हतं.

उद्घाटन वगैरे काही ठेवलं नाही. पहिल्या दिवशी आजोबा आले, सगळे फलक सोडून थेट चौथ्यासमोर उभे राहिले आणि चष्मा लावून सावकाश वाचलं. मला काही बोलले नाहीत. मग दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला अमर शेख फोंड्याच्या बाजारात कसे गायले ते सांगत राहिले. ट्रामसकट.

शेवटच्या दिवशी दुपारी वरच्या वाडीतली एक म्हातारी बाई नातवाला घेऊन आली. नातू वाचून दाखवत होता. 'माझी मैना'चा फलक झाल्यावर तिने मला जवळ बोलावलं. तिचा नवरा तीस वर्षं मुंबईत होता. ती कधी गेली नाही. शाहीर वगैरे तिने कोणी पाहिले नाहीत. 'माका कोणी कधी काय विचारूक नाय,' ती म्हणाली, आणि खरं होतं ते. मीही गावातल्या फक्त मुंबई पाहिलेल्या माणसांनाच विचारत फिरले होते. तिच्याकडे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात मनीऑर्डरची कुपनं आहेत, खालच्या कोऱ्या जागेत दोन-दोन ओळी लिहिलेली, बहुतेक दुसऱ्याच्या अक्षरात, कारण नवऱ्याला लिहिता येत नव्हतं. संपाच्या काळातली कुपनं अर्थातच नाहीत.

गणपतीनंतर मी स्कॅनर घेऊन तिच्याकडे जाणार आहे.